लोखंडाचा उत्प्रेरक ३०० अंशांच्या वर टिकवायचा कसा? (कृत्रिम इंधन)

रसायनवेडी
नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करते आहे. विषय आहे संश्लेषण वायूपासून, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणापासून, द्रव इंधन आणि ओलेफिन (दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बन) बनवणे. ही फिशर-ट्रॉप्श प्रक्रिया इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. कोळसा, बायोमास, नैसर्गिक वायू यांपैकी कशाचंही आधी वायूत रूपांतर करायचं आणि मग उत्प्रेरकावर त्या वायूच्या लांब साखळ्या विणायच्या.

माझा उत्प्रेरक लोखंडाचा आहे. अवक्षेपणाने बनवलेला, त्यात थोडं तांबं, थोडं पोटॅशियम आणि आधाराला सिलिका. २४० अंश सेल्सिअसला तो अगदी गुणी मुलासारखा वागतो. ३२० ला नेला की पहिल्या काही दिवसांतच सक्रियता घसरते आणि मिथेन वाढत जातो. गाइडचं म्हणणं, कण एकमेकांत मिसळून मोठे होत आहेत, सिलिका वाढव. मला हे पूर्ण पटत नाहीये, पण विरोध करायला हातात भक्कम कारणही नाही. प्रत्यक्ष कारखान्यात लोखंडाचा उत्प्रेरक हाताळलेले कोणी इथे आहेत का? उष्णता सहन करायची ताकद नेमकी कशातून येते?

चिकित्सक
मूळ प्रश्नाआधी एक प्रश्न. ३२० हवंच कशाला? २४० ला चांगलं चाललंय तर तिथेच राहा. मेण मिळेल, ते हायड्रोक्रॅकिंगने तोडून डिझेल करा.

रसायनवेडी
@चिकित्सक, मला डिझेल नको आहे, इथिलीन-प्रोपिलीनसारखी छोटी ओलेफिन हवी आहेत. तापमान वाढलं की साखळ्या आखूड होतात, म्हणून ३०० ते ३५० चा पट्टा. आणि कोबाल्ट सुचवू नका कृपया :) त्या तापमानाला कोबाल्ट जवळजवळ सगळ्याचा मिथेन करून टाकतो.

सेकुंडावासी
दक्षिण आफ्रिकेतून लिहितोय. आयडीवरून कळलंच असेल. ससोल कंपनीच्या सेकुंडाच्या कारखान्यात लोखंडाचा उत्प्रेरक नेमका तुमच्याच पट्ट्यात, म्हणजे ३४० अंशांच्या आसपास, अनेक दशकं चाललाय. थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

ससोलचा पहिला कारखाना १९५५ मध्ये ससोलबर्गला सुरू झाला. तिथे दोन वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी होत्या. एक जर्मन, आर्गे नावाची: नळ्यांमध्ये भरलेला अवक्षेपित लोखंडाचा उत्प्रेरक, २२० ते २५० अंश, उत्पादन मुख्यतः मेण. दुसरी अमेरिकन मुळाची सिंथॉल: वायूबरोबर फिरणारी उत्प्रेरकाची भुकटी, ३४० अंशांच्या आसपास, उत्पादन पेट्रोल आणि ओलेफिन. या दोन्हींत वापरलेलं लोखंड एकाच प्रकारे बनवलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. आर्गेसाठी अवक्षेपण. सिंथॉलसाठी पोलाद कारखान्यातली मिल स्केल, म्हणजे तापलेल्या पोलादावरची ऑक्साइडची साल, विद्युत भट्टीत वितळवून, त्यात पोटॅशियम आणि थोडे इतर ऑक्साइड मिसळून, थंड करून दळलेली.

तुम्ही पहिल्या प्रकारचा उत्प्रेरक दुसऱ्या प्रकारच्या तापमानाला वापरताय. तो कुरकुरणारच.

सेकुंडाचे दोन कारखाने १९८० आणि १९८२ चे. १९९५ ते १९९९ दरम्यान तिथले १६ फिरत्या बेडचे (बेड म्हणजे उत्प्रेरकाचा थर) रिॲक्टर काढून त्यांच्या जागी स्थिर फ्लुइडाइज्ड बेडचे, म्हणजे भुकटी जागच्या जागी वायूवर तरंगत ठेवणारे, ९ बसवले. आजही उत्प्रेरक काही आठवडेच ‘जगतो’. चालू रिॲक्टरमधून जुना थोडा काढायचा, ताजा थोडा घालायचा, हे सतत सुरू असतं. त्यामुळे ‘टिकणं’ म्हणजे वर्षानुवर्षं टिकणं, अशी अपेक्षा इथे कोणी ठेवत नाही.

चिकित्सक
म्हणजे लोखंड स्वस्त आहे म्हणून चालतं. कोबाल्ट असता तर दिवाळंच.

सेकुंडावासी
@चिकित्सक, बरोबर. पण उत्प्रेरक स्वस्त असला तरी त्याची भुकटी झाली की ती सायक्लोनमधून (वायूतली भुकटी वेगळी करणाऱ्या यंत्रातून) निसटून पुढे जाते आणि मग सगळी कामं वाढतात. उच्च तापमानाला सक्रियता कमी होण्याइतकीच मोठी अडचण कण फुटण्याची असते. कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू मिळून एक कार्बन आणि एक कार्बन डायऑक्साइड होतो. तो कार्बन कणाच्या आत साचतो आणि कण ज्वारीच्या लाहीसारखा फुलतो. घनता घटते, बेड उंच होत जातो, शेवटी कण तुटतात.

ससोलचे मार्क ड्राय यांनी यावर फार मूलभूत काम केलं. कार्बन साचण्याचा वेग कार्बन मोनॉक्साइडचा दाब भागिले हायड्रोजनच्या दाबाचा वर्ग, या गुणोत्तराबरोबर बदलतो असं त्यांनी दाखवलं. गंमत बघा: प्रमाण तेच ठेवून एकूण दाब वाढवला तर हे गुणोत्तर कमी होतं, म्हणजे कार्बन कमी साचतो. दुसरीकडे पोटॅशियम वाढवलं की साचणं वाढतं. तेव्हा आधी पोटॅशियम किती घातलंय ते सांगा.

इतिहासप्रेमी
सुंदर धागा. थोडं मागे जातो. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श हे म्युलहाइममधल्या कैसर विल्हेल्म कोळसा संशोधन संस्थेतले. काळ १९२० च्या दशकाचा. सुरुवातीला त्यांनीही लोखंडावरच काम केलं होतं, पण जर्मनीतले युद्धकाळातले नऊही फिशर-ट्रॉप्श कारखाने कोबाल्टवर चालले, सोबतीला थोरियम ऑक्साइड. कोबाल्टची टंचाई झाली तेव्हा १९४३ मध्ये श्वार्झहाइडे इथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या लोखंडी उत्प्रेरकांची एकाच पद्धतीने तुलना केली गेली. पण कारखान्यांत बदल होण्याआधीच युद्ध संपलं. ते ज्ञान पुढे ससोलबर्गला फळाला आलं. म्हणजे लोखंडावरचं सगळ्यात मोठं काम टंचाईतून उभं राहिलं.

विदर्भवीर
हिटलरची विमानं याच पेट्रोलवर उडायची ना?

इतिहासप्रेमी
@विदर्भवीर, नाही. विमानाचं पेट्रोल मुख्यतः बर्गियस पद्धतीचं. त्यात कोळशावर उच्च दाबाने थेट हायड्रोजन चढवतात. फिशर-ट्रॉप्शच्या साखळ्या सरळ असतात, त्यामुळे त्यातून डिझेल उत्तम निघतं पण पेट्रोलचा ऑक्टेन आकडा कमी पडतो. जर्मनीच्या एकूण कृत्रिम इंधनात बर्गियसचा वाटा कितीतरी मोठा होता.

अलिबागकर_काका
मी आयुष्यभर खत कारखान्यात, अमोनियाच्या प्लांटवर काम केलं, आता निवृत्त आहे. फिशर-ट्रॉप्श मी चालवलेलं नाही, पण लोखंडाच्या उत्प्रेरकाशी माझी ओळख जुनी. अमोनियाचा उत्प्रेरकही वितळवलेल्या मॅग्नेटाइटचाच (हे लोखंडाचं ऑक्साइड), त्यात ॲल्युमिना, कॅल्शियम आणि पोटॅशियमचे ऑक्साइड. म्हणजे सेकुंडावासी म्हणतात त्या सिंथॉल उत्प्रेरकाचा सख्खा भाऊ. आणि हा भाऊ ४०० ते ५०० अंशांत दहा-दहा वर्षं काम करतो! बीएएसएफ या जर्मन कंपनीत मिटाश यांनी १९०९ पासून हजारो मिश्रणं तपासली आणि शेवटी ॲल्युमिना-पोटॅशियमच्या या जोडीवर आले, ती शंभर वर्षांनंतरही फारशी बदललेली नाही.

तो टिकतो कसा? मॅग्नेटाइट वितळवताना ॲल्युमिना त्याच्या स्फटिकात शिरून बसतो. रिडक्शन करताना लोखंडातला ऑक्सिजन निघून जातो, ॲल्युमिनाचं मात्र रिडक्शन होत नाही. तो लोखंडाच्या कणांमधल्या फटींत आणि पृष्ठभागावर राहतो आणि कणांना एकमेकांत मिसळू देत नाही. ताज्या दगडाला आतलं क्षेत्रफळ जवळजवळ शून्य असतं. रिडक्शननंतर एका ग्रॅमला १०-२० चौरस मीटर होतं. म्हणजे छिद्रं आपण रिडक्शनमध्ये घडवतो.

म्हणून मुली, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आधी तुझं रिडक्शन तपास. रिडक्शनमध्ये पाण्याची वाफ निघते आणि ताज्या लोखंडाचा सगळ्यात मोठा शत्रू ती वाफ. आम्ही तापमान फार हळू चढवायचो, वायूचा प्रवाह जोरात ठेवायचो आणि बाहेर येणाऱ्या वायूतलं पाणी मोजत बसायचो. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की तापमान तिथेच धरायचं. वर बसलेल्या थराची वाफ खालच्या, आधीच तयार झालेल्या लोखंडावरून गेली की ते लोखंड पुन्हा गंजतं, पुन्हा रिडक्शन होतं, आणि दर फेरीत कण जाड होत जातात. घाईने केलेलं रिडक्शन पुढे कधीच भरून निघत नाही.

रसायनवेडी
काका, फार उपयोगी माहिती. आमच्याकडे रिडक्शन शुद्ध हायड्रोजनऐवजी थेट संश्लेषण वायूने करतात, पण वाफेचा मुद्दा तिथेही लागू पडतो. @सेकुंडावासी, पोटॅशियम १०० भाग लोखंडामागे ४ च्या आसपास, सिलिका २५. म्हणजे जवळपास रुऱ्हशेमी या जर्मन कंपनीची जुनी कृती.

तापमापक
अमोनियाशी तुलना अर्ध्या वाटेपर्यंतच नेता येते. अमोनियाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतो, तिथे तो विष असतो. फिशर-ट्रॉप्शमध्ये तोच कच्चा माल आहे. त्यामुळे इथे लोखंड धातू म्हणून राहतच नाही, त्याचं कार्बाइड, म्हणजे लोखंड आणि कार्बनचं संयुग, होतं. उष्णता सहन करायची ती या कार्बाइडने.

आणि ही कार्बाइड एक नाहीत. कमी तापमानाला एप्सिलॉन कार्बाइड, साधारण २५० च्या पुढे हॅग कार्बाइड (पाच लोखंडामागे दोन कार्बन), आणखी वर, कार्बनचा पुरवठा तोकडा असेल तर सिमेंटाइट. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की कोणतं रूप टिकेल हे तापमानाइतकंच कार्बनच्या रासायनिक विभवावर, म्हणजे वायू लोखंडाला किती जोराने कार्बन देऊ पाहतो यावर, अवलंबून असतं. त्यांच्या निरीक्षणात हॅग कार्बाइड पाण्याने सहज ऑक्सिडाइज होत होतं. सिमेंटाइटवर मात्र कार्बनयुक्त थर साचून ते मंद पडत होतं.

गाइडच्या सिंटरिंगच्या (कण मिसळून मोठे होण्याच्या) मुद्द्याबद्दल: लोखंडाचा वितळणबिंदू १५३८ अंश, म्हणजे १८११ केल्विन. पृष्ठभागावरचे अणू हलायला लागतात ते ढोबळमानाने याच्या ०.३ पटीला, म्हणजे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. आतले अणू हलायला निम्म्याच्या आसपास, म्हणजे ६३० च्या वर. २४० ला बरं चालून ३२० ला घसरण सुरू होण्यात पृष्ठभागावरच्या हालचालीचा वाटा असू शकतो, हे मान्य. पण मिथेन का वाढतो, हे त्यातून कळत नाही.

नळीतला_अभियंता
सगळे उत्प्रेरकाच्या मागे लागलेत. माझं वेगळं मत आहे: आधी तापमान खरंच ३२० आहे का ते बघा.

या अभिक्रियेत दर मोल कार्बन मोनॉक्साइडमागे सुमारे १६५ किलोज्यूल उष्णता निघते. एक किलो हायड्रोकार्बनला हे साधारण १२ मेगाज्यूल होतं, म्हणजे त्याच इंधनाच्या ज्वलनात मिळणाऱ्या उष्णतेच्या पाव हिश्श्याहून जास्त! प्रयोगशाळेतल्या स्थिर बेडमध्ये ही उष्णता बाहेर काढायला फक्त नळीची भिंत. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जिथे टोचलाय तिथे ३२०, आणि वायू जिथे आत शिरतो तिथे कदाचित ३६०. अशा ठिकाणी मिथेन वाढणार, कार्बन साचणार, आणि आपण म्हणणार उत्प्रेरक वाईट.

उपाय साधा आहे. उत्प्रेरकात त्याच्या कितीतरी पट सिलिकॉन कार्बाइडची भुकटी मिसळा. ते उष्णता छान वाहून नेतं आणि अभिक्रियेत पडत नाही. बेडच्या लांबीत थर्मोकपल वरखाली सरकवून बघा.

तापमापक
@नळीतला_अभियंता, मुद्दा बरोबर आहे, पण याचा अर्थ उत्प्रेरक सुधारायचाच नाही असा नाही ना? कारखान्यात कुठेतरी गरम ठिपका येणारच. उत्प्रेरकाने तो झेपवायला हवा.

नळीतला_अभियंता
झेपवायला हवा, मान्य. पण उष्णता काढण्याची सोय हीच पहिली. सिंथॉलमध्ये भुकटी वायूवर तरंगत का ठेवतात? सगळीकडे तापमान सारखं राहतं म्हणून. आणि तसं तरंगत ठेवायचं तर रिॲक्टरमध्ये द्रव मेण मुळीच नको, नाहीतर कण चिकटून बेड बसतो. म्हणूनच तिथे साखळी आखूड ठेवणं भाग पडतं. तापमान, रिॲक्टर आणि उत्पादन एकमेकांना बांधलेले आहेत.

भटक्या
चीनमध्ये यावर तिसरी वाट काढली आहे. निंगशियाच्या कारखान्यात (डिसेंबर २०१६ पासून, वर्षाला ४० लाख टन क्षमता) लोखंडाचा उत्प्रेरक मेणाच्या द्रवात तरंगत ठेवतात, पण तापमान नेहमीच्या २४० ऐवजी २७५ च्या आसपास. एवढे ३०-३५ अंश वाढवण्यासाठी उत्प्रेरक मुळापासून नवा घडवावा लागला. फायदा असा की अभिक्रियेच्या उष्णतेतून जास्त दाबाची वाफ मिळते. ती टर्बाइनला उपयोगी पडते आणि सगळ्या कारखान्याची कार्यक्षमता सुधारते. म्हणजे उष्णता सहन करण्याची ताकद थेट पैशांत मोजता येते.

हरितमित्र
धागा शांतपणे वाचत होतो, पण हे लिहिलंच पाहिजे. सेकुंडा हे जगातल्या सगळ्यात मोठ्या एकस्थानी कार्बन डायऑक्साइड स्रोतांपैकी एक आहे. आपल्याकडे २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचं लक्ष्य आहे, २०२४ मध्ये केंद्राने त्यासाठी ८,५०० कोटींची योजना मंजूर केली. चंद्रपूर-वणीच्या लोकांनी कोळशाची धूळ आधीच पुरेशी खाल्लीय. उत्प्रेरक जितका चांगला, तितका कोळसा जास्त जळणार, असं नाही का?

विदर्भवीर
चंद्रपूरचाच आहे. हरितमित्र यांना १००% अनुमोदन. उन्हाळ्यात ४७ अंशांत आमचीच उष्णता सहन करायची ताकद तपासून घ्या :)

रसायनवेडी
@हरितमित्र, तुमची काळजी खरी आहे आणि मी ती टाळणार नाही. पण लोखंडाचं हेच कौशल्य उलट दिशेनेही वापरता येतं. लोखंड पाणी-वायू विस्थापन (कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी यांपासून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन, किंवा उलट) दोन्ही बाजूंनी घडवतं. त्यामुळे पकडलेला कार्बन डायऑक्साइड आणि सौर-पवन विजेचा हायड्रोजन दिला तर आधी कार्बन मोनॉक्साइड आणि मग इंधन, हे दोन्ही एकाच उत्प्रेरकावर होऊ शकतं. चीनमधल्या दाल्यानच्या गटाने २०१७ मध्ये सोडियमयुक्त लोखंड आणि झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज) एकत्र वापरून ३२० अंशांना पेट्रोलच्या पट्ट्यातली हायड्रोकार्बन मिळवली. २०२० मध्ये ऑक्सफर्डने लोखंड-मँगनीज-पोटॅशियमवर विमान इंधनाच्या पट्ट्यातली. हे दोन्ही ३०० च्या आसपास किंवा वर चालतं. आणि कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात केली की पाणी दुप्पट निघतं, म्हणजे उत्प्रेरकाची कसोटी आणखी कडक. त्यामुळे लोखंड टिकवायचा प्रश्न कोळसा गेल्यावरही उरणारच आहे.

हरितमित्र
ही बाजू पटली. मग हायड्रोजन खरंच हिरवा आहे ना, यावर लक्ष ठेवायचं काम आम्ही करतो.

चिपाड
सांगलीचा आहे, साखर कारखान्यात नोकरी. आमच्याकडे उसाचं चिपाड ढिगाने. त्यापासून हा वायू करून लोखंडावर इंधन करता येईल का? प्रश्न मूळ विषयाचा नाही, माफ करा.

सेकुंडावासी
@चिपाड, विषयाचाच आहे. तत्त्वतः होतं. बायोमासच्या वायूत हायड्रोजन कमी असतो आणि लोखंड विस्थापनाने तो स्वतः भरून काढतं, त्या दृष्टीने लोखंड कोबाल्टपेक्षा सोयीचं. पण डांबर, गंधक आणि क्लोरीन आधी काढावं लागतं. सेकुंडात कोळशाचा वायू अतिथंड मेथनॉलने धुऊन मगच रिॲक्टरकडे पाठवतात. गंधक लोखंडावर कायमचं बसतं आणि ती जागा गेलीच. वायू धुण्याचा खर्च लहान कारखान्याला झेपत नाही, अडचण तिथे येते. शिवाय तुमचं चिपाड बॉयलरमध्ये जातं आणि वीज विकली जाते. त्याला मागे टाकेल असा हिशोब बसवणं कठीण.

तापमापक
मूळ विषयाकडे येतो. सिलिका वाढवण्यात दोन धोके आहेत. सिलिका लोखंडाला इतकं घट्ट धरते की लोह-सिलिकेट बनतं. त्याचं रिडक्शन होत नाही आणि तेवढं लोखंड वाया जातं. दुसरं, सिलिका पोटॅशियमही बांधून घेते. पोटॅशियम निकामी झालं की साखळी आखूड होते आणि मिथेन वाढतो. म्हणजे सिलिका वाढवली तर पोटॅशियमही वाढवावं लागेल, आणि पोटॅशियम वाढवलं तर कार्बन साचेल. एक दुखणं दाबलं की दुसरं डोकं वर काढतं.

म्हणून अलीकडे कार्बनचा आधार लोकप्रिय झालाय. उत्रेख्तच्या डी याँग यांच्या गटाने २०१२ मध्ये कार्बन नॅनोतंतू आणि अल्फा ॲल्युमिना यांवर लोखंडाचे बारीक कण बसवले, सोबत अगदी थोडं सोडियम आणि गंधक. हो, गंधकच! सूक्ष्म प्रमाणात त्याने मिथेन दबला. ३४० अंशांना छोट्या ओलेफिनचं प्रमाण चांगलं राहिलं. आधार लोखंडाला फार घट्ट धरत नाही, पण कण एकमेकांपासून दूर ठेवतो, हा त्यातला मर्म.

भटक्या
@तापमापक, त्यात २०२० चं चिनी काम जोडतो. एप्सिलॉन कार्बाइड फार सक्रिय पण २५० च्या वर टिकत नाही, असंच सगळे धरून चालायचे. त्यांनी त्याचे कण ग्राफीनच्या थरांत कोंडले आणि ते उच्च तापमानाला किमान ४०० तास टिकलं. डेल्फ्टच्या गटाने २०१५ मध्ये लोखंडाची धातू-सेंद्रिय चौकट भाजून कार्बनमध्ये रुतलेले कण बनवले, ३४० अंशांसाठी. कल्पना तीच: प्रत्येक कणाला त्याची स्वतंत्र खोली.

सेकुंडावासी
४०० तास म्हणजे जेमतेम सतरा दिवस. आणि ग्राफीनमधला कण फ्लुइडाइज्ड बेडमध्ये घासला गेला तर? प्रयोगशाळेतल्या या कामांचं मला मनापासून कौतुक आहे, पण घर्षण सहन होतं का, हे तपासल्याशिवाय त्याला कारखान्याच्या उत्प्रेरकाच्या रांगेत बसवता येणार नाही.

अलिबागकर_काका
एक सूचना आहे. अभिक्रिया संपल्यावर सगळा बेड एकत्र ओतू नकोस. वरचा, मधला आणि खालचा भाग वेगवेगळा काढ. वायू आत येतो तिथे कार्बन मोनॉक्साइड भरपूर आणि पाणी नाही. बाहेर पडतो तिथे उलट. सिंटरिंग असेल तर कण साधारण सगळीकडे मोठे झालेले दिसतील. कारण पाणी असेल तर खालचा भाग वेगळा दिसेल. आणि काढताना जपून, ताजं कार्बाइड हवेत पेट घेतं. आधी नायट्रोजनमध्ये एखादा टक्का ऑक्सिजन देऊन वरचा थर शांत कर.

तापमापक
काकांच्या सूचनेला जोड: एक्स-रे विवर्तनावर एकट्यावर विसंबू नका, बारीक कार्बाइड त्यात दिसत नाहीत. म्योसबाउअर (लोखंड कोणत्या रूपात आहे ते ओळखणारी चाचणी) करा. इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रात ती सोय आहे.

रसायनवेडी
मंडळी, बऱ्याच दिवसांनी आले, पण रिकाम्या हाताने नाही.

अभियंत्यांच्या सांगण्यावरून बेडमध्ये सिलिकॉन कार्बाइड मिसळलं. सुरुवातीचा मिथेन लगेच खाली आला, म्हणजे गरम ठिपका खराच होता. पण घसरण थांबली नाही, थोडी मंदावली. मग काकांच्या पद्धतीने बेडचे तीन भाग केले आणि नमुने इंदूरला पाठवले. वरच्या भागात मुख्यतः हॅग कार्बाइड आणि भरपूर साचलेला कार्बन. खालच्या भागात बहुतेक मॅग्नेटाइट. स्फटिकांचा आकार वाढलाय, पण वर आणि खाली जवळपास सारखाच, आणि सक्रियतेतली घसरण समजावण्याइतका नाही. म्हणजे खालचा अर्धा उत्प्रेरक पाण्याने पुन्हा ऑक्साइड होतोय आणि वरचा कार्बनखाली गुदमरतोय. गाइडना हे दाखवलं, त्यांनी बारकाईने पाहिलं आणि सिलिका वाढवायचा बेत बाजूला ठेवला.

आता प्रश्न असा: पाण्यावर उपाय काय? वुहानच्या गटाचं २०२१ चं काम वाचलं. लोखंड-मँगनीजवर पाणी न धरणारं सिलिकाचं आवरण चढवून ३२० अंशांना त्यांनी मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून २२.५ टक्क्यांच्या खाली ठेवले. ते करून बघू का?

सेकुंडावासी
करा, पण आधी फुकटातला उपाय. एका फेरीत रूपांतर कमी ठेवा. वायूचा वेग वाढवा म्हणजे खालच्या भागात पाणी साचणार नाही. कारखान्यात आम्ही न वापरला गेलेला वायू परत फिरवतो. पुनर्चक्रणात मधलं पाणी थंड करून काढलं जातं आणि हायड्रोजनचा वाटाही वाढतो. ड्राय यांच्या गुणोत्तरानुसार वरच्या भागातला कार्बनही त्यानेच कमी होईल. एका दगडात दोन पक्षी. आणि पोटॅशियम निम्म्यावर आणून एक तुकडी बनवा. ४ हे मेण हवं असलेल्या २४० अंशांच्या कृतीसाठी ठीक, ३२० ला ते कार्बन ओढून आणतं.

तापमापक
पोटॅशियम एकदम निम्मं करू नका असं मी म्हणेन. तुमच्या सिलिकेने त्यातलं बरंच बांधून ठेवलंय, मोकळं किती आहे ते कळलेलं नाही. सिलिका आणि पोटॅशियम दोन्ही एकाच प्रमाणात उतरवा. आवरणाचं काम त्यानंतर, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

नळीतला_अभियंता
दोघांच्याही आधी वायूचा वेग वाढवा. नवी तुकडी बनवायला वेळ लागतो, झडप फिरवायला लागत नाही. पुनर्चक्रणाचा पंप नसेल तर बाटलीतून थेट हायड्रोजन-जास्त मिश्रण द्या, तोच परिणाम बराचसा दिसेल.

रसायनवेडी
पंप नाही. सोमवारपासून हायड्रोजन-जास्त मिश्रण आणि दुप्पट वेग, उत्प्रेरक तोच. बेडचे तीन भाग पुन्हा करणार. काका, रिडक्शनमधलं पाणी मोजायला तुम्ही साधन कोणतं वापरायचात?

अलिबागकर_काका
बाहेर पडणारा वायू थंड करून जमणारं पाणी दर तासाला मोजपात्रात धरायचो आणि तासागणिक आकडा फळ्यावर लिहायचो. तुझी नळी छोटी आहे, तुला पाणी शोषणाऱ्या दाण्यांची नळी लावून तिचं वजन करावं लागेल. आधी कोरडी नळी तोलून ठेव आणि दर वेळी नळी बदलताना दोन्ही टोकं बंद कर, पुण्याच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी शिरायला मिनिटही पुरतं.